टँडबर्ग सोल्व्हसुपर स्टिरिओ: दुरुस्तीच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, ओस्लो

सेट वर आणला. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात, त्यांचा हा रेडिओ. टँडबर्ग या नॉर्वेजियन कंपनीचा सोल्व्हसुपर, व्हॉल्व्हवर चालणारा, स्टिरिओ, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचा. आजींच्या नातवाचा बेत असा होता की आतलं सगळं काढून टाकायचं, खोक्यात ब्लूटूथ स्पीकर बसवायचा आणि डायलमागे एलईडीची पट्टी लावायची. असे पोकळ केलेले जुने रेडिओ इथल्या दुकानांत दिसतात आणि दर वेळी जीव हळहळतो. मी त्याला म्हटलं, आधी मला बघू दे, नाहीच जमलं तर पुढे तुम्ही ठरवा. तो लगेच तयार झाला. खरं तर त्यालाही आजीचा रेडिओ वाचलेला हवाच होता, फक्त दुरुस्त करणारं कोणी माहीत नव्हतं.

बाहेरून सेट उत्तम आहे. सागाचं व्हिनियर, पुढे जाळीदार कापड, खाली पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणं. डायलच्या काचेवर ओस्लो, स्टव्हांगर, विग्रा, ट्रोम्सो ही इथली केंद्रं आणि शेजारी कालुंडबोर्ग, लक्झेंबर्ग, पॅरिस. बटणांवर लाँग वेव्ह, मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह, एफएम, ग्रामोफोन. आणि त्यांत एक बटण ‘फिस्केरी’, म्हणजे मासेमारीचा पट्टा.

हा पट्टा आपल्याकडच्या रेडिओंवर मी कधी पाहिला नाही. मीडियम वेव्ह संपते तिथून, साधारण १.६ मेगाहर्ट्झपासून वर, मासेमारीच्या बोटी आणि किनाऱ्यावरची केंद्रं बोलत. नॉर्वेच्या किनाऱ्यावर घरोघरी हे ऐकलं जाई. आजींचं माहेर उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेनचं. वडील बोटीवर. थंडीत कॉड पकडायला बोटी बाहेर पडल्या की आई स्वयंपाक करता करता फिस्केरी लावून ठेवायची, बोटी आपसांत काय बोलतात ते ऐकायची आणि त्यावरून आज माणसं कधी परततील ते ठरवायची. हा सेट घरात आला तेव्हा आजी विशीतल्या. स्टिरिओचं कौतुक मुलांना होतं, आईला त्या एका बटणाचं.

कामाचे नियम आजच ठरवले. एकही नवीन भोक पाडायचं नाही. जे बदलेन ते पुन्हा पूर्ववत करता आलं पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपायचा. आणि फिस्केरीसकट सगळे पट्टे चालले पाहिजेत, नुसता गाणी वाजवणारा डबा नको.

१३ ऑक्टोबर, रविवार

मागचा पुठ्ठा काढला. प्लग लावलेला नाही. इथल्या विजेबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो, कारण भारतात शिकलेल्या माणसाच्या अंगवळणी ती नसते. ओस्लोतल्या जुन्या इमारतींत फेज आणि न्यूट्रल अशी जोडी येत नाही. २३० व्होल्ट दोन फेजांमध्ये असतात, म्हणजे प्लगच्या दोन्ही टोकांना जमिनीच्या मानाने व्होल्टेज असतं. सेटचा स्विच एकच तार तोडणारा असेल तर तो बंद करूनही ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू जिवंत राहते. म्हणून आत हात घालायचा तर प्लग भिंतीतून बाहेर, आणि मग मीटर लावून वीज साठवून ठेवणारे फिल्टर कंडेन्सर रिकामे झालेत का ते पाहायचं.

आत धूळ भरपूर, गंज नाही. मऊ ब्रशने धूळ काढली, केंद्र लावणाऱ्या गँग कंडेन्सरच्या पात्यांना हात लावला नाही. व्हॉल्व्ह सगळे जागेवर. एफएमच्या पत्र्याच्या डबीत ईसीसी ८५. त्या काळातल्या युरोपीय सेटांत याच जागी हा बहुतेक ठरलेलाच. पुढे डायलजवळ मॅजिक आय, म्हणजे केंद्र नीट लागलं की हिरवी पट्टी जुळवून दाखवणारा व्हॉल्व्ह. चॅसीखालची, म्हणजे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याखालची, जोडणी इतकी नीट आहे की पाहत राहावं: तारा एका दिशेने वळवलेल्या, सोल्डरचा प्रत्येक डाग चकचकीत, कुठे गोळा नाही. दोन्ही चॅनेलचे भाग समोरासमोर आणि सारख्याच क्रमाने लावलेत. त्यामुळे डावीकडे काही बिघडलं तर उजवीकडच्या त्याच जागेशी ताडून पाहता येतं. हाताने सोल्डर करणाऱ्या कामगाराच्या सवडीचा आणि पुढे दुरुस्त करणाऱ्याच्या डोळ्यांचाही विचार करून आखणी झालेली दिसते.

कागदी कंडेन्सरांवरचं मेण काही ठिकाणी तडकलं आहे. संशयित तेच.

फोटो काढले, सगळ्या बाजूंनी.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सर्किट मिळालं. नॉर्वेत रेडिओच्या इतिहासाला वाहिलेली हौशी लोकांची एक संस्था आहे, नॉर्स्क रेडिओहिस्टोरिस्क फोरेनिंग. देशात बनलेल्या सेटांची कागदपत्रं त्यांनी सांभाळली आहेत. मोठं प्रिंट काढून भिंतीवर चिकटवलं.

दुपारी शेल्सोसला गेलो होतो. टँडबर्गचा कारखाना याच भागात होता आणि आज नॉर्वेचं तंत्रज्ञान संग्रहालयही शेल्सोसलाच आहे. या कंपनीबद्दल वाचत गेलो तसा हा सेट मला अधिक समजत गेला. व्हेब्योर्न टँडबर्ग १९०४ साली उत्तरेकडच्या बुडो गावात जन्मले, ट्रोन्डहाइमच्या तांत्रिक महाविद्यालयातून १९३० साली इंजिनिअर झाले आणि १९३३ साली ओस्लोत त्यांनी रेडिओचा कारखाना काढला. सुरुवातीच्या सेटांची नावं तोमेलिसे, कोरोना, हुल्द्रा. सोल्व्हसुपर ही मालिका त्यांच्यापाठोपाठ आली आणि पुढे कित्येक वर्षं निरनिराळ्या रूपांत चालू राहिली.

१९३७ साली या माणसाने आपल्या कामगारांना ४२ तासांचा, पाच दिवसांचा आठवडा दिला आणि वर्षाला तीन आठवड्यांची सुट्टी दिली. त्या काळी हे फार पुढचं पाऊल होतं. मागच्या रविवारी चॅसीखालचे सोल्डरचे डाग पाहून जे वाटलं त्याचा आणि याचा संबंध आहे असं मला मनापासून वाटतं. थकलेल्या हातांनी असं काम होत नाही.

युद्धाच्या काळात, १९४१ साली, जर्मन सत्तेने नॉर्वेतल्या सामान्य लोकांचे रेडिओ जप्त केले. लाखो घरांतून सेट गेले. युद्ध संपल्यावर रेडिओची भूक केवढी असेल याची कल्पना येते. पुढे टेपरेकॉर्डर, निर्यात, भरभराट. १९७२ साली रेडिओनेट ही दुसरी मोठी नॉर्वेजियन कंपनी टँडबर्गमध्ये विलीन झाली. आणि मग १९७८. त्या वर्षी ऑगस्टमध्ये व्हेब्योर्न टँडबर्ग गेले आणि वर्षअखेरीस कंपनीचं दिवाळं निघालं. टँडबर्ग हे नाव मात्र टिकलं: व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची यंत्रं बनवणारी त्याच नावाची कंपनी २०१० साली सिस्कोने घेतली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

फिल्टर कंडेन्सर. अ‍ॅल्युमिनियमच्या एका डब्यात दोन भाग आहेत. कित्येक वर्षं वीज न मिळाल्याने आतला ऑक्साइडचा थर विरळ होतो, आणि एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कंडेन्सर फुटू शकतो. म्हणून दोन्ही भाग सर्किटमधून सोडवले आणि २२ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून हळूहळू व्होल्टेज चढवलं. घाई करायची नाही, चहा करून यायचं, परत मीटर बघायचं. संध्याकाळपर्यंत एका भागाची गळती ३०० मायक्रोअँपिअरच्या खाली आली. दुसरा भाग ३ मिलिअँपिअरवर अडला आणि हाताला कोमट लागू लागला. तो गेला.

डबा वर तसाच उभा राहू दिला. खराब भागाची तार काढून वेगळी ठेवली आणि त्या जागी चॅसीखाली नवा कंडेन्सर जोडला. वरून पाहणाऱ्याला काही बदललेलं दिसणार नाही.

व्होल्टेज निवडायची चकती २२० वर होती. माझ्या भिंतीत आज २३४ आहेत. २२० वर ठेवलं तर व्हॉल्व्ह तापवणारी ६.३ व्होल्टची हिटर लाइन ६.७ पर्यंत जाते. २४० वर केली की ६.१ च्या आसपास येते आणि त्याच मानाने वरचं व्होल्टेजही उतरतं. जुन्या व्हॉल्व्हना हे मानवतं. चकती २४० वर.

२ नोव्हेंबर, शनिवार

पहिली वीज. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये लावला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब क्षणभर भगभगला आणि मंद झाला. डायलचे दिवे लागले, मग व्हॉल्व्हच्या तारा लालसर. धूर नाही, वास फक्त तापलेल्या धुळीचा.

स्पीकरमधून थोडी घुं, आणि त्यामागे अगदी क्षीण खरखर. पण डाव्या चॅनेलचा आउटपुट व्हॉल्व्ह उजव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापत होता. मीटर लावला. उजव्याच्या ग्रिडवर (व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या जाळीवर) शून्य, डाव्याच्या ग्रिडवर जवळजवळ अधिक ४ व्होल्ट. ग्रिडवर अधिक व्होल्टेज आलं की व्हॉल्व्हमधून हवा त्यापेक्षा जास्त करंट वाहतो. आधी व्हॉल्व्ह मरतो आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. व्हॉल्व्ह बाजारात मिळतो. हा ट्रान्सफॉर्मर मिळणं कठीण. लगेच बंद केला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

ग्रिडवरच्या चार व्होल्टला दोन कारणं असू शकतात: आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय, किंवा व्हॉल्व्हच्या आतच बिघाड आहे. ओळखायचं कसं? कंडेन्सरचा ग्रिडकडचा पाय सोडवला आणि बल्ब लावूनच सेट पुन्हा चालू केला. ग्रिड शून्यावर आला आणि व्हॉल्व्ह पूर्ण तापल्यावरही शून्यावरच राहिला. व्हॉल्व्ह निर्दोष.

मग कंडेन्सरचा हिशोब केला. मागच्या टप्प्याचा अ‍ॅनोड ९० व्होल्टला, ग्रिडचा रेझिस्टन्स ६८० किलोओहम. चार व्होल्ट पडायला साधारण ६ मायक्रोअँपिअर लागतात, म्हणजे कंडेन्सर १५ मेगओहमच्या आसपासच्या रेझिस्टन्ससारखा वागतोय. चांगल्या कंडेन्सरचा आकडा हजारो मेगओहममध्ये असतो. साध्या मल्टीमीटरने, बॅटरीच्या व्होल्टेजवर हा कंडेन्सर तपासला तर तो ठणठणीत दिसतो. दोष फक्त कामाच्या व्होल्टेजला बाहेर येतो. जुना रेडिओ हाती घेणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं: या कपलिंग कंडेन्सरांची आधी खात्री करा, आवाज कसा येतो ते नंतर.

९ नोव्हेंबर, शनिवार

मेणाचे कागदी कंडेन्सर सगळे बदलले, प्लास्टिक फिल्मचे घातले. दोन्ही कपलिंग कंडेन्सर २२ नॅनोफॅरडचे, ६३० व्होल्टचे. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे जुने तसेच ठेवले, ते चांगले आहेत आणि ट्यूनिंगच्या भागात उगाच हात घालू नये. काढलेले एका पाकिटात, प्रत्येकावर जागेची चिठ्ठी.

बल्बशिवाय चालवला. दोन्ही आउटपुट व्हॉल्व्ह आता सारखेच गरम. घुं गेली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बटणांचे सरकते संपर्क काळे पडले होते. चांदीवर चढतो तो काळा थर. त्यामुळे डावा चॅनेल मधेच गायब व्हायचा आणि बटणाला टिचकी मारली की परत यायचा. इथे कानस किंवा सँडपेपर चालवू नये, चांदीचा मुलामा निघून गेला की संपलं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब कागदाच्या पट्टीवर घेऊन ती पट्टी संपर्कांतून ओढली. पट्टी काळी होऊन येते, मग दुसरी. पट्टी कोरी निघेपर्यंत हेच. दुपार गेली, पण त्यानंतर एकही बटण खरखरलं नाही. व्हॉल्यूम आणि बॅलन्सचे पॉट साफ केले.

डायलची दोरी शाबूत, फक्त सैल. स्प्रिंगचा आकडा पुढच्या भोकात घेतला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

एफएम. साध्या तारेचा डायपोल एरियल लावला आणि ओस्लोतलं एक स्थानिक केंद्र लख्ख आलं. मॅजिक आयची हिरवी पट्टी जुळली. आवाज इतका भरदार की घरातले सगळे येऊन उभे राहिले.

पण डायलवर बाकी फारसं काही नाही, आणि त्याला सेट जबाबदार नाही. देशव्यापी एफएम बंद करणारा नॉर्वे हा जगातला पहिला देश. ११ जानेवारी २०१७ रोजी सकाळी ११ वाजून ११ मिनिटं ११ सेकंदांनी नूरलांडमध्ये सुरुवात झाली, म्हणजे बुडोच्या परगण्यात, जिथे व्हेब्योर्न टँडबर्ग जन्मले. मग एकेक प्रदेश करत त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम संपलं. त्या सगळ्या डॅबवर, म्हणजे डिजिटल रेडिओवर, गेल्या. स्थानिक केंद्रं एफएमवर राहिली म्हणून आज निदान काहीतरी वाजलं. डोंगराळ देशात शेकडो एफएम प्रक्षेपक चालवायचा खर्च मी समजू शकतो. तरीही लाखो चालत्या सेटांची मुख्य वाट एका वर्षात बंद व्हावी हे मला पटलेलं नाही.

सेटवर स्टिरिओ लिहिलं आहे, पण एफएम स्टिरिओ त्यातून येत नाही. स्टिरिओ तबकड्या १९५८ साली बाजारात आल्या. एफएमवर स्टिरिओ पाठवायची पद्धत अमेरिकेत १९६१ साली मंजूर झाली आणि युरोपने पुढे तीच घेतली. त्यात डाव्या-उजव्या आवाजाची बेरीज नेहमीसारखी जाते, म्हणून साधा सेटही ती ऐकू शकतो. दोघांतला फरक ३८ किलोहर्ट्झच्या दबलेल्या लहरीवर बसवलेला असतो आणि सोबत १९ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर खूण म्हणून जातो. तो सूर पकडून फरक सोडवणारा डिकोडर लागतो. या सेटमध्ये तो नाही. म्हणजे यातला स्टिरिओ फक्त ग्रामोफोन आणि टेपसाठी: दोन अ‍ॅम्प्लिफायर, दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मागे दोन बाहेरच्या स्पीकरांची सॉकेट.

डिकोडर बांधून आत बसवता आला असता. नाही बसवणार. स्थानिक केंद्रासाठी चॅसीत नवे भाग घालणं माझ्या पहिल्या नियमात बसत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, रात्री

लाँग वेव्ह. बाल्कनीत दहा-बारा मीटर तार टाकली. घरातले सगळे चार्जर आणि एलईडीचे दिवे बंद करायला लावले, नाहीतर नुसती करकर.

डायलवरची नावं एकेक तपासली. लक्झेंबर्ग: जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं. कालुंडबोर्ग, डेन्मार्कचं: २०२३च्या शेवटच्या दिवशी बंद. नॉर्वेचं स्वतःचं लाँग वेव्हही २०१९ साली संपलं.

मग काटा पॅरिसच्या नावाकडे नेला आणि मॅजिक आयची पट्टी ठामपणे जुळली. स्पीकरमधली खरखर दबली. आवाज काहीच नाही. फ्रान्समधलं आलुई, १६२ किलोहर्ट्झ. तिथून फ्रान्स इंतेर हे केंद्र २०१६च्या अखेरीपर्यंत लागायचं. कार्यक्रम बंद झाले, पण प्रक्षेपक चालू ठेवला आहे, कारण त्याच्या लहरीच्या फेजमध्ये अणुघड्याळाची वेळ भरलेली असते आणि फ्रान्समधली असंख्य घड्याळं त्यावर चालतात. फेजमधला बदल आपल्या सेटच्या डिटेक्टरला (लहरीतून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाला) ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर गप्प. मॅजिक आयला मात्र लहर मिळते. मॅजिक आय, ट्यूनिंग, आयएफ (मधल्या फ्रीक्वेन्सीचा टप्पा), डिटेक्टर सगळं ठीक असल्याचा याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता: दीड हजार किलोमीटरवरचा सिग्नल, ओळखीची फ्रीक्वेन्सी, आणि काटा छापलेल्या नावाला लागून.

मीडियम वेव्हवर ६९३ ला बीबीसीची फुटबॉल कॉमेंटरी स्वच्छ आली. बाकी बरीच गर्दी, एकावर एक.

७ डिसेंबर, शनिवार

आज फिस्केरी, आणि आजींना वर बोलावलं.

आधी सिग्नल जनरेटर (हव्या त्या फ्रीक्वेन्सीची लहर देणारं यंत्र) लावून पट्टा तपासला. २१८२ किलोहर्ट्झला लावला, काटा जिथे हवा तिथे आला. हा आकडा सगळ्या दर्यावर्दींना पाठ असे: संकटात सापडलेल्या बोटीने हाक मारायची ती इथे. दर तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यापासून तीन मिनिटं सगळ्यांनी या फ्रीक्वेन्सीवर गप्प राहायचं, म्हणजे एखादी दुबळी हाक दबून जाऊ नये. जहाजांच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळांवर ती तीन-तीन मिनिटं हिरव्या रंगाने रंगवलेली असत. १९९९ साली उपग्रह आणि डिजिटल हाकेवर चालणारी जागतिक व्यवस्था पूर्ण लागू झाली आणि २१८२चं जुनं स्थान गेलं.

आजींना हिरवे तुकडे माहीत नव्हते, पण ती शांतता माहीत होती. ‘आई त्या वेळी आम्हालाही बोलू द्यायची नाही,’ त्या म्हणाल्या. घरातून कोणाचा आवाज बोटीपर्यंत जाणार नव्हता, तरी घर गप्प बसायचं.

आता या पट्ट्यावर बोटींची उघडी बोलणी मिळत नाहीत. जे थोडंफार आहे ते एसएसबीवर आहे: मूळ लहर काढून टाकून आवाजाची एकच बाजू पाठवतात, त्यामुळे जुन्या सेटवर नुसतं बदकासारखं क्वॅकक्वॅक येतं. पट्ट्याच्या वरच्या टोकाला, साडेतीन मेगाहर्ट्झच्या पुढे, हौशी रेडिओवाले बोलतात. तिथे असंच एक बदक सापडलं. म्हटलं, काढून टाकलेली लहर आपण परत देऊ. सिग्नल जनरेटरची तार एरियलजवळ नुसती ठेवली, जोडली नाही, आणि फ्रीक्वेन्सी अगदी सावकाश फिरवत गेलो. आवाज आधी चिरका, मग जाड, आणि एका ठिकाणी एकदम माणसाचा झाला. कोणीतरी आपल्या अंगणातल्या बर्फाबद्दल सांगत होतं.

आजी पुढे वाकल्या. ‘हा उत्तरेकडचा आहे,’ त्या म्हणाल्या. मला नॉर्वेजियन कळतं, पण बोलींतले बारकावे कळत नाहीत. त्यांना दुसऱ्या वाक्यातच कळलं. जनरेटर थोडा सरकला की आवाज पुन्हा बदकाचा व्हायचा, म्हणून मी तो धरून बसलो होतो आणि त्या मला ऐकलेलं सावकाश परत सांगत होत्या.

नातू सोबत होता. त्याने विचारलं, हे तुम्ही मला शिकवाल का.

१४ डिसेंबर, शनिवार

आजींकडच्या दोन बाहेरच्या स्पीकर पेट्या जोडल्या. सेटच्या अंगच्या रुंदीत स्टिरिओ फारसा उघडत नाही, पेट्या दोन मीटर लांब ठेवल्या की उघडतो. पण खर्ज कुठे गेला कळेना. मागच्या सॉकेटला एक चपटं आणि एक गोल पातं असलेला प्लग लागतो, चपटं वजा आणि गोल अधिक. एका पेटीच्या तारा कधीतरी उलट्या लावल्या गेल्या होत्या. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहिलं: एका पेटीचा कोन बाहेर यायचा, दुसऱ्याचा आत जायचा. तारा उलटवल्या, खर्ज परत.

२१ डिसेंबर, शनिवार

डॅब. एनआरके या नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या वाहिन्या आता त्यावरच, आणि आजींना रोज ऐकायच्या आहेत त्या याच. छोटा डॅब रिसीव्हर घेतला, त्याच्या हेडफोनच्या भोकातून सेटच्या ग्रामोफोन सॉकेटपर्यंत केबल बनवली. सॉकेट पाच पिनांचं, गोल. पिनांचे आकडे ओळीने नसतात: एका टोकाकडून १, ४, २, ५, ३ असे येतात. डावा चॅनेल ३ वर, उजवा ५ वर, जमीन मधल्या २ वर. सॉकेट ग्रामोफोनच्या सुईजवळच्या क्रिस्टल पिकअपसाठी बनवलेलं, त्याला काही शे मिलिव्होल्ट लागतात आणि रिसीव्हर तेवढे आरामात देतो.

पहिल्यांदा लावलं तेव्हा बारीक भुणभुण होती. रिसीव्हरच्या स्विचिंग चार्जरमधली गळती केबलच्या जाळीतून सेटमध्ये येत होती. चार्जरऐवजी ट्रान्सफॉर्मरवाला साधा अ‍ॅडाप्टर लावला, भुणभुण गेली.

एनआरके क्लासिस्क लावलं. डावीकडे व्हायोलिनं, उजवीकडे चेलो, दोन्ही सागाच्या पेट्यांमधून. या सेटमधून स्टिरिओ प्रसारण पहिल्यांदाच वाजलं, आणि तेही ग्रामोफोनच्या दाराने. माझ्या मते हाच योग्य मार्ग: केबल उपटली की सेट कारखान्यातून निघाला तसाच.

२८ डिसेंबर, शनिवार

कॅबिनेट. ओलसर फडक्याने मळ काढला, वरच्या पांढुरक्या वर्तुळावर मेण चोळलं. पॉलिश नव्याने केलं नाही. डायलची काच मागून पुसायची नाही, अक्षरं मागच्या बाजूला छापलेली असतात आणि ओल्या फडक्याला निघून येतात.

५ जानेवारी २०२५, रविवार

सेट खाली नेऊन बसवला. भिंतीपासून हातभर पुढे, व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडावी म्हणून. आजींसाठी मोठ्या अक्षरांत नॉर्वेजियनमध्ये चिठ्ठी: वाहिन्यांसाठी ग्रामोफोनचं बटण आणि छोट्या डब्याचं बटण, संपल्यावर प्लग काढा.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत, पुढे कधी कोणी हा सेट उघडेल त्याच्यासाठी, सर्किटची प्रत आणि एक कागद ठेवला. त्यावर बदललेला प्रत्येक कंडेन्सर त्याच्या मूळ आणि नव्या मूल्यासह, फिल्टर डब्याची सोडवलेली तार कुठली, व्होल्टेजची चकती २४० वर का आहे, आणि आज मोजलेले सगळे व्होल्टेज. काढलेल्या भागांचं पाकीट ट्रान्सफॉर्मरपासून लांब, डाव्या कोपऱ्यात. मॅजिक आय मंद होत चालला आहे, त्याचा बदली व्हॉल्व्ह मागवला आहे. तो आला की नातू बसवणार आहे, मी शेजारी उभा राहीन.